स्टालिननंतर कोण? क्रेमलिनमधली १९५३ ते १९६४ ची सत्तास्पर्धा

उत्तरध्रुव

नमस्कार मंडळी,

"स्टालिननंतर ख्रुश्चेव्ह आला" हे वाक्य आपण इतक्या सहज वाचून पुढे जातो, जणू खुर्ची रिकामी झाली आणि रांगेतला पुढचा माणूस बसला. तशी रांगच नव्हती. सोव्हिएत राज्यघटनेत आणि पक्षाच्या नियमांत सगळ्याच्या निवडणुका होत्या, पण सर्वोच्च नेता गेल्यावर काय करायचं याला काहीही पद्धत ठरलेली नव्हती. कोण जिंकतो यावर मात्र लाखो कैद्यांचं सुटणं न सुटणं अवलंबून होतं. म्हणून मला हा विषय केवळ दरबारी कारस्थानांचा वाटत नाही, आणि मराठीत त्यावर नीट चर्चा व्हावी असं मनापासून वाटतं.

१ मार्च १९५३ च्या रात्री कुन्त्सेव्होच्या बंगल्यात स्टालिन जमिनीवर पडलेला सापडला. डॉक्टर पोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ५ मार्चला रात्री ८ वाजता क्रेमलिनमध्ये पक्षाची केंद्रीय समिती, मंत्रिमंडळ आणि सर्वोच्च सोव्हिएतचं, म्हणजे संसदेचं, अध्यक्षमंडळ यांची एकत्र बैठक बसली आणि चाळीस मिनिटांत उरकली. स्टालिनचा श्वास थांबला ९ वाजून ५० मिनिटांनी. म्हणजे पदांची वाटणी झाली तेव्हा माणूस अजून जिवंत होता!

त्या बैठकीत मालेन्कोव्ह पंतप्रधान झाला. बेरियाला गृहखातं मिळालं आणि राज्यसुरक्षा खातंही त्यातच विलीन केलं. मोलोतोव्हकडे परराष्ट्र, बुल्गानिनकडे संरक्षण. पाचच महिन्यांपूर्वी स्टालिनने पक्षाचं सर्वोच्च मंडळ, म्हणजे प्रेसिडियम, २५ जणांचं केलं होतं. ते झटक्यात १० वर आणलं. नवी माणसं बाहेर, जुनी आत.

आणि ख्रुश्चेव्ह? त्याला मॉस्कोच्या पक्षकामातून मोकळं केलं आणि केंद्रीय समितीच्या कामावर लक्ष द्यायला सांगितलं. मंत्रिपद नाही, खातं नाही. १४ मार्चला मालेन्कोव्हने पक्षाचं सचिवालय सोडलं, कारण एकाच माणसाच्या हाती सरकार आणि पक्ष दोन्ही नकोत असं बाकीच्यांना वाटत होतं. मालेन्कोव्हने सरकार ठेवलं, पक्ष सोडला. माझ्या मते लढाईचा निकाल तिथेच लागला, फक्त तो दिसायला चार वर्षं गेली.

कारण सचिवालय काय करायचं ते बघा. कुठल्या प्रांतात पक्षाचा सचिव कोण हे तिथे ठरायचं. हे प्रांतांचे सचिव पुढे केंद्रीय समितीत जायचे. आणि केंद्रीय समिती कागदोपत्री प्रेसिडियम निवडायची. स्टालिनने १९२२ पासून ह्याच चक्रावर बसून ट्रॉट्स्की, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन यांना एकेक करून संपवलं होतं. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं, तरी १९५३ मध्ये बाकीच्यांना हे पद दुय्यम वाटलं. सप्टेंबर १९५३ मध्ये ख्रुश्चेव्ह 'प्रथम सचिव' झाला, फेब्रुवारी १९५५ मध्ये मालेन्कोव्हला पंतप्रधानपद सोडून वीजकेंद्रांचा मंत्री व्हावं लागलं.

खरी परीक्षा जून १९५७ ला झाली. १८ जूनला प्रेसिडियमच्या बैठकीत ख्रुश्चेव्हला हटवायचा प्रस्ताव आला. ११ पूर्ण सदस्यांपैकी ७ विरोधात: मालेन्कोव्ह, मोलोतोव्ह, कागानोविच, व्होरोशिलोव्ह, बुल्गानिन, पेर्वुखिन, साबुरोव्ह. बाजूने तो स्वतः धरून चार. साध्या हिशेबाने तो गेलाच होता. पण त्याने आणि त्याच्या बाजूच्या मिकोयानने बैठक लांबवली, 'मला केंद्रीय समितीने निवडलंय, तीच काढेल' ही भूमिका सोडली नाही. बाहेर बातमी फुटली. मॉस्कोत असलेले केंद्रीय समितीचे सदस्य आत घ्या म्हणून दारावर आले. संरक्षणमंत्री मार्शल झुकोव्हने लष्करी विमानं लावून प्रांतांतले सदस्य मॉस्कोला आणवले. २२ तारखेला केंद्रीय समिती भरली आणि ७ विरुद्ध ४ चं गणित उलटं झालं. शेवटच्या मतदानात मोलोतोव्ह एकटा तटस्थ राहिला; बाकीच्यांनी स्वतःच्याच विरोधात हात वर केले.

हरणारे प्रत्येक वेळी चुकीच्या खोलीतली डोकी मोजत होते, असं माझं म्हणणं आहे. १९६४ बद्दलही लिहायचं आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

सायली_वाचते

छान धागा. वाचनखूण साठवली आहे. बेरियाला मात्र तुम्ही उडवूनच लावलंत. त्याच्याकडे तर सगळी पोलिसयंत्रणा होती. मग त्याचं काय चुकलं?

जुना पोस्टमन

सायलीताई, ह्यावर मी लिहितो.

बेरियाने सुरुवातीचे तीन महिने असा धडाका लावला की सगळे हादरले. २७ मार्चला माफी जाहीर झाली, दहा लाखांहून जास्त कैदी सुटले. ४ एप्रिलला नेत्यांना मारायचा कट केल्याचा डॉक्टरांवरचा खोटा खटला मागे घेतला, कबुलीजबाब मारहाणीने घेतले होते हे वर्तमानपत्रात छापून आलं. हे करणारा माणूस त्याच यंत्रणेचा इतकी वर्षं प्रमुख होता हे लक्षात घेतलं की बाकीच्यांच्या पोटात गोळा का आला ते कळतं. प्रत्येकाची फाईल त्याच्याकडे. आज कैदी सोडतोय, उद्या फाईल उघडेल.

२६ जूनला क्रेमलिनमधल्या बैठकीत त्याला पकडलं. ठरलेली खूण मिळाल्यावर झुकोव्ह, मोस्कालेन्को आणि आणखी काही सैनिकी अधिकारी पिस्तुलं घेऊन आत आले. कोण आधी आत शिरलं, कोणी काय म्हटलं यावर त्या दोघांच्या आठवणी जुळत नाहीत, दोघांनाही श्रेय हवं होतं. पण एक गोष्ट पक्की आहे. क्रेमलिनचा पहारा बेरियाच्याच खात्याचा होता. त्यामुळे त्याला लगेच बाहेर काढता येईना. रात्र होईपर्यंत आतच ठेवलं, पहाऱ्यावर सैन्याची माणसं आणली आणि मग गाडीतून नेलं. शेवटी मॉस्को लष्करी विभागाच्या आवारातल्या तळघरात. शहरात रणगाड्यांच्या तुकड्या आल्या होत्या. कोठडीतून तो मालेन्कोव्हला आणि बाकीच्यांना पत्रं लिहीत राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळं नेतृत्व बोल्शॉय थिएटरात ऑपेराला गेलं. पक्षाच्या 'प्रावदा' वर्तमानपत्रात हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि त्यात बेरिया नव्हता. परदेशी वकिलातींनी तिथूनच ओळखलं. अधिकृत घोषणा १० जुलैला. मार्शल कोनेव्हच्या अध्यक्षतेखाली बंद दाराआड खटला आणि २३ डिसेंबरला गोळी.

तेव्हा त्याचं काय चुकलं? पोलिसांची सत्ता लोक घाबरतात तोवर चालते. इथे नऊ जण इतके घाबरले की एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे एक झाले. आणि पोलिसांपेक्षा जास्त बंदुका सैन्याकडे होत्या, ते सैन्य १९३७ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांची झालेली कत्तल विसरलेलं नव्हतं.

कागदकापू

@जुना पोस्टमन, ह्याला जोडून एक. मोठ्या सोव्हिएत विश्वकोशाच्या पाचव्या खंडात बेरियावर फोटोसकट लेख होता. तो खंड आधीच लोकांच्या घरी पोचलेला. मग वर्गणीदारांना टपालाने नवी पानं गेली, सोबत सूचना: अमुक पानं कात्रीने किंवा वस्तऱ्याने कापा, शिवणीजवळ पट्टी ठेवा, तिच्यावर ही नवी चिकटवा. नव्या पानांवर बेरिंगच्या समुद्राची माहिती आणि चित्रं होती. मी ग्रंथालयात काम करते. वाचकाच्या हातानेच पुस्तक कापून घ्यायचं, ह्या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. गोळी एका माणसाला घातली, पण कात्री देशभरातल्या घराघरांत चालवली गेली.

सह्याद्री७२

धागाकर्त्याचं विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण ख्रुश्चेव्हबद्दल सहानुभूती जरा जास्त होतेय. १९५६ च्या नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये रणगाडे कोणी घातले? हंगेरीचा पंतप्रधान राहिलेला इम्रे नॉज १९५८ मध्ये फासावर गेला तेव्हा मॉस्कोत कोण होतं? १९६२ च्या जूनमध्ये नोव्होचेर्कास्कला भाववाढीविरुद्ध निघालेल्या कामगारांवर गोळ्या चालल्या, त्या कोणाच्या राज्यात? आणि स्टालिनच्या काळात युक्रेनमध्ये आणि मॉस्कोत पकडायच्या-मारायच्या माणसांच्या याद्यांवर सह्या करणाऱ्यांत हाही होताच. सत्तेच्या खेळात कोण हुशार एवढंच बघितलं तर माणसं दिसेनाशी होतात.

उत्तरध्रुव

सह्याद्री, तुमचा प्रत्येक मुद्दा मान्य आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. नोव्होचेर्कास्कची गोष्ट तर तीस वर्षं दाबून ठेवली गेली. ख्रुश्चेव्ह सज्जन होता असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की १९५७ नंतर हरणाऱ्याची शिक्षा बदलली. १९२४ च्या पॉलिटब्युरोत (प्रेसिडियमचंच आधीचं, आणि १९६६ नंतरचंही नाव) सात पूर्ण सदस्य होते. स्टालिन सोडून सहा. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह १९३६ ला गोळीने, बुखारिन आणि रिकोव्ह १९३८ ला गोळीने, तोम्स्कीने अटकेआधी स्वतःला संपवलं, ट्रॉट्स्कीला १९४० मध्ये मेक्सिकोत मारलं. सहापैकी सहा.

आता १९५७ चे पराभूत बघा. मोलोतोव्ह मंगोलियात राजदूत. मालेन्कोव्ह कझाकस्तानात उस्त-कामेनोगोर्स्कच्या जलविद्युत केंद्राचा संचालक. कागानोविच उरलमध्ये एका कारखान्यावर. मोलोतोव्ह १९८६ पर्यंत जगला, मालेन्कोव्ह १९८८ पर्यंत, आणि कागानोविच जुलै १९९१ मध्ये, ९७ व्या वर्षी, सोव्हिएत संघ मोडायच्या पाच महिने आधी गेला. ज्या माणसाने १९३० च्या दशकात हजारोंच्या मृत्युदंडाच्या याद्यांवर सह्या केल्या तो स्वतः पेन्शनवर म्हातारा झाला, हे न्यायाला धरून नाही हे कबूल. पण जर हरलेल्याला मारायचं नाही असं ठरलं नसतं, तर पुढे प्रत्येक जण जीव वाचवायला मारत सुटला असता. त्या व्यवस्थेत तेवढीच एक वाट होती असं मला वाटतं.

गिरणगावकर

माझ्या आजोबांच्या पिढीने हे सगळं परळ-लालबागला बसून पाहिलं, म्हणून लिहितो. आजोबा गिरणीत साचेवाले, लाल बावट्याचे. १९५५ च्या नोव्हेंबरात बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले, मुंबईलाही आले. तेव्हा इथे संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलेलं. आजोबा नावं त्याच क्रमाने घ्यायचे: आधी बुल्गानिन, मग ख्रुश्चेव्ह. कारण पंतप्रधान बुल्गानिन. हार त्याला आधी, भाषण त्याचं आधी. दोघं जोडीनेच फोटोत.

दीड वर्षाने बुल्गानिन त्या सात जणांत होता हे धाग्यात वाचून परत आठवलं. त्याचं नाव तेव्हा लगेच जाहीर केलं नाही, कारण पंतप्रधानच विरोधात होता म्हटल्यावर लोक हिशेब करू लागले असते. १९५८ च्या मार्चमध्ये त्याला काढलं आणि पुढे स्ताव्रोपोलला आर्थिक मंडळावर धाडलं. १९६० ला ख्रुश्चेव्ह पुन्हा भारतात आला तेव्हा पंतप्रधान तोच होता.

आजोबांना खरा धक्का ख्रुश्चेव्हने १९५६ मध्ये स्टालिनच्या गुन्ह्यांवर केलेल्या भाषणाचा बसला. घरात स्टालिनचं चित्र होतं. ते काढायचं की ठेवायचं यावरून त्यांचं आणि धाकट्या काकांचं अनेक महिने बोलणं बंद होतं. इतकी वर्षं ज्याच्या नावाने घोषणा दिल्या त्याच्याबद्दल त्याच्याच पक्षाने असं बोलावं, हे त्यांना पचलं नाही. त्यांचं म्हणणं असायचं की खोटं असेल तर आता का सांगता आणि खरं असेल तर तेव्हा कुठे होतात. ह्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कोणी दिलं नाही, आणि तो प्रश्न अजूनही बरोबर आहे.

सायली_वाचते

@गिरणगावकर, फार आतून लिहिलंत. आजोबांचा प्रश्न डोक्यात राहिला.

उत्तरध्रुव, १९६४ चं सांगा आता. ज्याने सगळी आपली माणसं बसवली, त्याला त्याच माणसांनी कसं काढलं? तुमच्या सिद्धांतात हे बसत नाही.

उत्तरध्रुव

बसतं, आणि तोच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

प्रांतांच्या सचिवांनी ख्रुश्चेव्हला १९५७ मध्ये वाचवलं. त्यानंतर त्याने नेमकं त्यांनाच दुखावलं. १९६१ च्या पक्षनियमांत फेरबदलाची सक्ती आणली: प्रांतिक समितीच्या प्रत्येक निवडणुकीत किमान एक तृतीयांश माणसं बदललीच पाहिजेत. म्हणजे आज सचिव असलेल्याला उद्याची खात्री नाही. मग नोव्हेंबर १९६२ मध्ये पक्षाचे दोन तुकडे केले, एका प्रांतात उद्योगाची समिती वेगळी, शेतीची वेगळी. काल जो अख्ख्या प्रांताचा धनी होता तो रातोरात अर्ध्याचा झाला. धान्य परदेशातून आणावं लागलं, क्यूबातून माघार घ्यावी लागली, ही कारणं आहेतच. पण केंद्रीय समितीत हात वर करणारी माणसं ह्या सचिवांपैकी होती. त्यांना हवी होती नोकरीची शाश्वती.

कटाची कुणकुण त्याला लागली होती. प्रेसिडियममधला नव्हे, पण वरच्या वर्तुळातला इग्नातोव्ह नावाचा नेता होता. त्याच्या अंगरक्षकाने ख्रुश्चेव्हच्या मुलाला, सेर्गेईला, गाठून सगळं सांगितलं. ख्रुश्चेव्हने मिकोयानला जरा बघ म्हणून सांगितलं आणि स्वतः काळ्या समुद्राकाठी पित्सुंदाला सुट्टीवर गेला.

१२ ऑक्टोबर १९६४ ला 'वोस्खोद' यान सुटलं, पहिल्यांदाच तीन माणसं एका यानात. ख्रुश्चेव्ह पित्सुंदाहून फोनवर त्यांच्याशी बोलला, मॉस्कोत स्वागत करू म्हणाला. त्याच संध्याकाळी ब्रेझनेव्हचा, म्हणजे पुढे त्याच्या जागी आलेल्या माणसाचा, फोन आला: तातडीची बैठक आहे, या. १३ ला तो विमानाने परतला, प्रेसिडियममध्ये एकामागून एक सगळे त्याच्यावर तुटून पडले. १४ ला केंद्रीय समितीत सुस्लोव्हने आरोप वाचले. 'वय आणि ढासळती प्रकृती' असं कारण देऊन राजीनामा जाहीर झाला. काही दिवसांनी अंतराळवीर मॉस्कोत आले तेव्हा स्वागताला ब्रेझनेव्ह उभा होता.

ह्या वेळी त्याने केंद्रीय समितीकडे दाद मागितली नाही. मागून उपयोग नव्हता, तिथली डोकी आधीच मोजून झाली होती. गुप्तहेर खात्याचा प्रमुख सेमिचास्त्नी आणि पक्षातला शेलेपिन दोघेही कटात. त्याला पेन्शन मिळाली, मॉस्कोबाहेर बंगला मिळाला. १९७१ मध्ये गेला तेव्हा 'प्रावदा'त दोन ओळींची बातमी. क्रेमलिनच्या भिंतीपाशी जागा दिली नाही, नोव्होदेविची स्मशानात पुरलं.

जुना पोस्टमन

सहमत. आणि पुढचं त्यातूनच निघतं. ब्रेझनेव्हने सचिवांना काय दिलं? त्यांना हवं होतं तेच. नोव्हेंबर १९६४ मध्येच पक्षाचे दोन तुकडे पुन्हा जोडले. १९६६ च्या अधिवेशनात फेरबदलाची सक्ती रद्द. कोणाला हलवायचं नाही. परिणाम असा, की १९८१ च्या अधिवेशनानंतर पॉलिटब्युरो जसाच्या तसा पुन्हा निवडला गेला, एक माणूस बदलला नाही. सगळे एकत्र म्हातारे झाले. १० नोव्हेंबर १९८२ ला ब्रेझनेव्ह, ९ फेब्रुवारी १९८४ ला आंद्रोपोव्ह, १० मार्च १९८५ ला चेर्नेन्को. २८ महिन्यांत तीन अंत्ययात्रा.

आंद्रोपोव्हचा मुद्दा खास आहे. तो १५ वर्षं गुप्तहेर खात्याचा प्रमुख. बेरियाची आठवण ठेवून कोणी त्याला थेट तिथून वर येऊ दिलं नसतं. जानेवारी १९८२ मध्ये सुस्लोव्ह वारला, मे महिन्यात आंद्रोपोव्ह खातं सोडून सचिवालयात आला, नोव्हेंबरात सरचिटणीस, म्हणजे पक्षप्रमुख. सचिवालयाचा उंबरा ओलांडल्याशिवाय वर जाता येत नव्हतं हे त्यालाही ठाऊक होतं.

सह्याद्री७२

मग व्हिएतनामचं काय? तिथला नेता 'तो लाम' (हे त्याचं नाव) २०१६ पासून २०२४ पर्यंत जनसुरक्षा मंत्री होता. २०२३-२४ मध्ये भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत दोन राष्ट्राध्यक्ष आणि संसदेचे अध्यक्ष पायउतार झाले. मे २०२४ मध्ये तो लाम राष्ट्राध्यक्ष, जुलैत पक्षाचे सरचिटणीस न्गुयेन फू त्राँग वारले आणि ऑगस्टमध्ये हाच सरचिटणीस. तपासाच्या फाईली ज्याच्या हाती तो जिंकला. बेरियाला जे जमलं नाही ते इथे जमलं.

उत्तरध्रुव

चांगला मुद्दा. एक फरक दिसतो: बेरियाच्या फाईलींमागे कोठडी आणि बंदूक होती, तो लामच्या काळात फाईलींमागे राजीनामा होता. पदच्युत झालेले घरी गेले. त्यामुळे बाकीच्यांना जिवाच्या भीतीने एकत्र यायचं कारण उरलं नाही. हनोईतल्या केंद्रीय समितीत कोणाची किती माणसं आहेत याचा अभ्यास कोणी केला असेल तर जरूर लिहा.

चांगजियांग

उशिरा आले, पण चीनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथे हा सिद्धांत अडतो.

माओने वारस तीनदा ठरवला. ल्यू शाओची १९६९ मध्ये कायफेंगला उपचाराविना, खोट्या नावाने मेला. लिन ब्याओचं नाव १९६९ च्या पक्षघटनेत वारस म्हणून लिहून ठेवलं होतं, आणि १३ सप्टेंबर १९७१ ला त्याचं विमान मंगोलियात कोसळलं. तिसरा हुआ ग्वोफंग. माओ सप्टेंबर १९७६ मध्ये गेला, ६ ऑक्टोबरला हुआने सैन्याच्या आणि मध्यवर्ती रक्षकदलाच्या मदतीने चौकडीला, म्हणजे माओची बायको आणि तिच्या तीन साथीदारांना, अटक केली. एकही गोळी सुटली नाही. त्यानंतर पक्षाचं अध्यक्षपद, पंतप्रधानपद आणि लष्करी आयोगाचं अध्यक्षपद ही तिन्ही पदं एकट्या हुआकडे. माओकडेही औपचारिकरीत्या तिन्ही एकदम नव्हती.

आणि तरी १९८१ पर्यंत तिन्ही गेली. घेतली कोणी? दंग श्याओफिंगने, जो १९७७ च्या जुलैपर्यंत कुठल्याच पदावर नव्हता आणि पुढे पक्षप्रमुख कधी झालाच नाही. नेमणुकांचं चक्र हुआकडे होतं म्हणाल, तर ते त्याला का फिरवता आलं नाही? माझं उत्तर असं, की सांस्कृतिक क्रांतीत हाकलले गेलेले हजारो जुने कार्यकर्ते परत यायची वाट बघत होते, आणि त्यांना परत आणणारं खातं, पक्षाचा संघटन विभाग, डिसेंबर १९७७ पासून हू याओबांगच्या हातात गेलं. हुआ तीन खुर्च्यांवर बसून होता आणि खाली माणसं दुसराच कोणी बसवत होता.

उत्तरध्रुव

@चांगजियांग, संघटन विभागाचा हा मुद्दा मला नवा आहे आणि तो फार मोलाचा आहे. ह्यावर स्वतंत्र धागा काढाच. त्यात एक गोष्ट नक्की घ्या: हुआने हू याओबांगला त्या विभागावर का येऊ दिलं? तेव्हा तर तिन्ही पदं त्याच्याचकडे होती.